डच 'मिट्स' म्हणजे आपला 'तरच' : अटीचं वाक्य पायरीपायरीने

डच शिकणाऱ्याला 'जर'साठी पहिला शब्द भेटतो तो 'आल्स'. दुकान, बस, शेजारी, शाळेच्या फाटकापाशी होणाऱ्या गप्पा, सगळीकडे त्या एका शब्दावर निभतं. अडतं ते भाडेकरार हातात पडल्यावर, विम्याचं पत्र आल्यावर, किंवा दुकानाच्या पावतीमागचा बारीक मजकूर वाचायची वेळ आल्यावर. तिथे 'मिट्स' असतो, 'टेन्झेइ' असतो, 'इन्डीन' असतो, आणि नेमक्या त्याच वाक्यात पैशांची किंवा परवानगीची अट दडलेली असते.

बहुतेक शब्दकोश मिट्सपुढे इंग्रजी प्रतिशब्द देतात. तो डोक्यात ठेवून वाक्य केलं की शब्दांचा क्रमही इंग्रजीचा येतो आणि वाक्य फसतं. मराठी माणसाला हा वळसा घ्यायचं कारणच नाही. मिट्स म्हणजे आपला 'तरच'. शिवाय मिट्सनंतर क्रियापद वाक्याच्या अगदी शेवटी जातं, आणि मराठीत ते रोजच तिथे असतं. हा विषय मराठीतून थेट शिकला तर निम्मं काम आधीच झालेलं असतं. उरलेल्या निम्म्यात मराठीच आपल्याला दोन-तीन ठिकाणी चुकवते. त्या जागा खाली सविस्तर आल्या आहेत.

डच वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत. 'ख' दिसेल तिथे घशातून घासून येणारा आवाज काढायचा. 'एइ' एकाच दमात म्हणायचा, 'ए'वरून 'ई'कडे घसरत. 'उ' (आदरार्थी 'तुम्ही') म्हणताना ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. 'ये' (तू) आणि शब्दाच्या टोकाचा 'ए' हलका, जवळजवळ 'अ'सारखा असतो.

आधी उच्चार

'मिट्स'मधला 'इ' ऱ्हस्व. डच 'ट' म्हणताना जीभ मागे वळवू नका. ती वरच्या दातांच्या मागे टेकली की आवाज आपल्या 'त'च्या जवळ जातो, आणि तोच बरोबर. आता शेवटचा 'ट्स' पाहा. 'चाक', 'चूल', 'चोर' यांतला जो दंततालव्य 'च' आहे, तोच हा आवाज. 'तरच'च्या शेवटी आपण जो 'च' उच्चारतो तोही हाच. म्हणजे अर्थाने जुळणारे हे दोन शब्द एकाच आवाजावर संपतात. लक्षात ठेवायला यापेक्षा चांगली खूण नाही. हिंदी किंवा इंग्रजी धाटणीचा, 'चित्र'मधला 'च' मात्र इथे चालत नाही.

'टेन्झेइ'चा आघात दुसऱ्या भागावर: टेन्-झेइ. यातला 'झ' आपल्या 'जर'मधल्या 'ज'जवळचा, हकार नसलेला. 'इन्डीन'चाही आघात 'डीन'वर. 'आल्स'चा 'आ' आखूड ठेवायचा, ओढायचा नाही. लिहिताना टेन्झेइच्या शेवटी आय आणि जे ही जोडी येते. ई आणि आय लिहिल्यास उच्चार तोच राहतो, पण शब्द चुकतो. डच शाळकरी मुलंही या दोन जोड्यांत गोंधळतात.

चार शब्द आणि त्यांची कामं

आपल्या शालेय व्याकरणात जर-तर हे संकेतबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून येतं. डचमध्ये त्याच खान्यात हे चार शब्द बसतात.

आल्स हा रोजचा. अटीसाठी चालतो आणि वेळेसाठीही. 'पाऊस आला तर' आणि 'पाऊस आला की' या दोन्हींना आल्स. मात्र भूतकाळात एकदाच घडलेल्या गोष्टीचं 'जेव्हा' सांगायचं असेल तर आल्स नाही, 'टून'.

इन्डीन म्हणजे आल्सचा सरकारी पोशाखातला भाऊ. पत्रं, करार, नियमावली. त्याला वेळेचा अर्थ नाही, फक्त अट. बोलताना वापरला तर ऐकणाऱ्याला कानडं वाटत नाही, पण आपण नोटीस वाचून दाखवतोय असं वाटतं.

मिट्स: 'हो, पण अमुक असेल तरच.' टेन्झेइ: 'अमुक झालं तर मात्र नाही', किंवा '-ल्याशिवाय'.

एक सावधगिरी इथेच. 'तो येईल की नाही, ठाऊक नाही' यात अट नाही, शंका आहे. इंग्रजी दोन्हींसाठी एकच शब्द वापरते, म्हणून इंग्रजीतून येणारा माणूस इथे आल्स घालतो. मराठी कान लावला तर चूक होत नाही: मराठीत 'तर' असेल तिथे आल्स, 'की नाही' असेल तिथे 'ऑफ'. 'इक वेट नीट ऑफ हेइ कॉम्ट.' तो येतो की नाही, मला माहीत नाही.

एक वाक्य सुटं करून

समजा मराठी वाक्य आहे: 'पावती अजून तुझ्याकडे असेल तरच पैसे परत मिळतील.'

पहिली पायरी, वाक्याचे दोन तुकडे. अट: पावती अजून असेल. फळ: पैसे परत मिळतील.

दुसरी पायरी, तुकड्यांची अदलाबदल. मराठीत अट आधी येते. डचमध्ये मिट्सची अट जवळजवळ नेहमी मागून येते. आधी हो म्हणायचं, मग अट टाकायची. 'मिट्स'ने सुरू होणारं वाक्य व्याकरणात चालतं, पण ते ताठर वाटतं. शिकताना ही सवय लावूच नका.

तिसरी पायरी, फळाचं साधं वाक्य: 'ये क्रेइख्ट ये खेल्ट टेरुख.' तुला तुझे पैसे परत मिळतात. इथे क्रियापद 'क्रेइख्ट' दुसऱ्या जागेवर आहे. मुख्यवाक्यात डच क्रियापद दुसरी जागा सोडत नाही.

चौथी पायरी, स्वल्पविराम आणि मिट्स. मिट्स व टेन्झेइच्या आधी स्वल्पविराम द्या. मागून आलेल्या आल्सच्या आधी सहसा लागत नाही.

पाचवी पायरी, अटीचं वाक्य मराठी क्रमाने: कर्ता, वस्तू, बाकीचं, आणि शेवटी क्रियापद. 'ये डे बॉन नॉख हेप्ट': तू, पावती, अजून, (जवळ) आहे.

जोडलं की: 'ये क्रेइख्ट ये खेल्ट टेरुख, मिट्स ये डे बॉन नॉख हेप्ट.'

शेवटचा 'हेप्ट' नीट पाहा. इंग्रजीतून विचार करणारा त्याला 'ये'च्या पाठोपाठ आणून ठेवतो: 'मिट्स ये हेप्ट डे बॉन'. डच कानाला ही चूक लगेच खुपते. मराठीतून विचार करणारा 'पावती आहे' असंच म्हणतो, 'आहे पावती' नाही. म्हणून मिट्सनंतरचा तुकडा बांधताना मनातल्या मनात मराठी वाक्य बोला आणि एकेका शब्दाखाली डच शब्द ठेवत जा. 'नाही' अर्थाचा 'नीट' शेवटच्या क्रियापदाच्या आधी येतो: 'मिट्स हेट नीट रेखन्ट', पाऊस नसेल तरच.

दोन अटी असतील तर मिट्स पुन्हा लिहायची गरज नाही. 'मिट्स ये ऑप टेइट बेन्ट एन अन कार्ट्ये हेप्ट': वेळेवर असशील आणि तिकीट असेल तरच. दोन्ही क्रियापदं आपापल्या तुकड्याच्या शेवटी.

दोन क्रियापदं शेवटी आली तर

'फॉर्म भरला असेल तरच' यात मराठीतही शेवटी दोन क्रियापदं आहेत: भरला, असेल. डचमध्ये दोन्ही क्रम बरोबर: 'मिट्स ये हेट फॉर्मुलीर इन्खेव्हुल्ट हेप्ट' किंवा 'हेप्ट इन्खेव्हुल्ट'. पहिल्या क्रमाला डच भाषाअभ्यासक हिरवा क्रम म्हणतात, दुसऱ्याला लाल. बोलींच्या नकाशांवर वापरलेल्या रंगांवरून ही नावं पडली. मराठी माणसाला हिरवा क्रम आपसूक येतो, आणि तो पूर्ण शुद्ध आहे. कुणी लाल क्रमाने बोललं म्हणून आपलं चुकलं असं समजू नका.

'शकणे', 'लागणे' अशा सहायक क्रियापदांबरोबर मात्र ही मोकळीक धरू नका. 'मिट्स ये ऑप टेइट कुन्ट कोमन': वेळेवर येऊ शकत असशील तरच. इथे 'कुन्ट' आधी, 'कोमन' नंतर. 'येऊ शकत' या मराठी क्रमाच्या उलटं आहे, म्हणून दहा वेळा मोठ्याने म्हणून बसवावं लागतं.

तुटणारी क्रियापदं वेगळीच. 'मेखान' म्हणजे बरोबर जाणं. साध्या वाक्यात ते तुटतं: 'येइ खाट मे', तू बरोबर येतोस ('येइ' म्हणजे जोर देऊन म्हटलेला 'ये'). अटीच्या वाक्यात दोन्ही तुकडे शेवटी पुन्हा जुळतात: 'इक खा, मिट्स येइ मेखाट.' तू बरोबर आलास तरच मी जाईन. 'मिट्स येइ खाट मे' ही शिकणाऱ्यांची नेहमीची चूक. साधं वाक्य तोंडात बसलेलं असतं, आणि मिट्स आल्यावर ते जोडायचं राहून जातं.

मराठी जिथे चुकवते: काळ

आताच्या वाक्यात मराठी क्रियापद कुठलं होतं? 'आलास'. रूप भूतकाळाचं, अर्थ मात्र उद्याचा. 'पाऊस पडला तर', 'तू आलास तरच', 'पैसे भरले तर' असं आपण सहज बोलतो आणि त्यातला 'ला' आपल्याला भूतकाळ वाटतही नाही. डचमध्ये तो 'ला' नेला की अर्थ बदलतो.

'आल्स हेट रेखन्ट, ब्लेइफ इक बिनन': पाऊस पडला तर मी आतच थांबेन. 'रेखन्ट' हा वर्तमानकाळ. त्या जागी 'पडला'चं भाषांतर म्हणून 'रेखन्डे' घातलं तर डच माणूस दोनपैकी एक अर्थ घेतो. एक, पूर्वीची सवय: पाऊस पडला की मी आत बसायचो. दोन, कल्पना: पाऊस पडता तर. दोन्ही तुम्हाला म्हणायचे नसतात. मिट्सबरोबर तर 'इक खा, मिट्स येइ मेखिंग' असं वाक्य उभंच राहत नाही, कारण अर्धं वाक्य आजचं आणि अर्धं कालचं होतं.

दुसरा खड्डा 'असेल तर'चा. 'वेळ असेल तर ये' म्हणताना आपण भविष्यकाळ वापरतो. म्हणून 'असेल'साठी 'झुल्ट' शोधला जातो. तो नको. डचमध्ये 'आल्स ये टेइट हेप्ट', सरळ वर्तमानकाळ.

थोडक्यात नियम असा: मराठीत 'पडला तर' असो वा 'असेल तर', अट पुढची असेल तर डच वर्तमानकाळ. काम आधी पूर्ण झालेलं हवं असेल (भरला असेल, दिले असतील) तर 'हेप्ट' लावून पूर्ण वर्तमान. भूतकाळ तेव्हाच, जेव्हा सगळं वाक्यच भूतकाळाचं असतं: 'ये मॉख्ट मे, मिट्स ये ऑप टेइट वास.' वेळेवर आलास तरच येता येईल, असं तेव्हा ठरलं होतं.

आणि न घडलेल्या गोष्टींचं? शाळेत शिकलेला संकेतार्थ आठवा: 'वेळ असता तर आलो असतो.' डच: 'आल्स इक टेइट हाट खेहाट, वास इक खेकोमन.' मराठीत दोन्ही बाजूंना 'असता-असतो', डचमध्ये दोन्ही बाजूंना पूर्ण भूतकाळ. इतकं चांगलं जुळणारं दुसरं उदाहरण सापडणं कठीण. पण इथे आल्सच येतो, मिट्स नाही.

आल्स पुढे आला तर

मिट्स मागे राहतो, पण आल्स सर्रास वाक्याच्या तोंडाशी येतो, आणि तिथे एक नवी गोष्ट घडते. 'आल्स ये डे बॉन नॉख हेप्ट, क्रेइख ये ये खेल्ट टेरुख.' अटीचा अख्खा तुकडा वाक्याच्या पहिल्या जागेवर बसतो, त्यामुळे दुसऱ्या जागेचं क्रियापद लगेच येतं आणि कर्ता त्याच्या मागे जातो. दोन क्रियापदं स्वल्पविरामाच्या दोन बाजूंना समोरासमोर येतात: 'हेप्ट, क्रेइख'. ही जोडी दिसली की वाक्य बरोबर, असं समजा.

यात एक बारकावा आहे. 'क्रेइख्ट'चा शेवटचा 'ट' गळून 'क्रेइख' झाला. 'ये' क्रियापदाच्या मागे गेला की तो 'ट' गळतो. अटीच्या तुकड्यात 'ये' पुढेच असतो, म्हणून 'हेप्ट'चा 'ट' कायम राहतो. एकाच वाक्यात एक 'ट' राहतो आणि एक जातो. 'उ'च्या बाबतीत असं काही होत नाही, तिथे 'ट' दोन्हीकडे राहतो.

'तर' म्हटल्याशिवाय चैन पडत नसेल तर 'डान' घाला: 'आल्स ये डे बॉन हेप्ट, डान क्रेइख ये...' डान हाच आपला 'तर', आणि त्याच्या पाठीला क्रियापद चिकटलेलं. सुरुवातीला डान घालूनच बोलावं. 'डान'नंतर क्रियापद म्हणायची सवय एकदा जिभेला लागली की डान काढूनही क्रम बिघडत नाही.

आपण 'जर' गाळतो आणि 'तर' ठेवतो: 'पाऊस पडला तर'. डचही तसंच करते, फक्त 'आल्स' गाळताना क्रियापद पहिल्या जागेवर आणते: 'रेखन्ट हेट, डान ब्लेइफ इक बिनन.' सरकारी व बँकेच्या पत्रांच्या शेवटी जे वाक्य असतं त्याची घडण हीच: 'मॉख्ट उ व्ह्राखन हेबन, नेम डान कॉन्टाक्ट ऑप.' काही प्रश्न असल्यास संपर्क साधा. 'मॉख्ट'ने सुरू झालेलं वाक्य प्रश्न वाटतं, पण तो प्रश्न नसतो. उत्तर देत बसू नका, पुढचा 'डान' शोधा.

मिट्स कुठे बसत नाही

'तिकीट नसेल तर दंड बसेल.' इथे मिट्स लावला की वाक्य कोसळतं: 'ये क्रेइख्ट अन बूटे, मिट्स ये खेन कार्ट्ये हेप्ट.' याचा अर्थ होतो, दंड ही मिळवण्याजोगी गोष्ट आहे आणि तिकीट नसेल तरच तुला ती लाभेल. मिट्सच्या आधी परवानगी, फायदा, होकार किंवा एखादं विधान असावं लागतं, आणि मिट्स त्याला अट घालतो. वाईट परिणाम सांगायचा असेल तर आल्स.

आज्ञेबरोबरही मिट्स जमत नाही. 'पोचलास की फोन कर' याला आल्सच.

तिसरी गोष्ट वेळेची. 'पैसे भरल्यावरच पुस्तक मिळेल' यातला 'च' वेळेला लागलेला आहे. त्याला 'पास आल्स': आधी हे, मगच ते. 'पैसे भरलेस तरच' यातला 'च' अटीला लागलेला आहे, तिथे मिट्स. मराठीत 'भरल्यावरच' की 'भरले तरच' असा प्रश्न स्वतःला विचारा, डच शब्द आपोआप ठरतो.

टेन्झेइ: ज्याच्या पोटात 'नाही' आहे

टेन्झेइ हा जुन्या डचमधल्या 'ते नसो' अशा अर्थाच्या शब्दसमूहाचा गोळा झालेला शब्द आहे. नकार त्याच्या पोटातच आहे. म्हणून त्याच्यापुढे पुन्हा 'नीट' घातला की अर्थ उलटतो. 'इक कॉम, टेन्झेइ इक झीक बेन': मी येईन, आजारी पडलो तर मात्र नाही. 'पडलो नाही तर' असा विचार करून तिथे 'नीट' आणला तर वाक्य म्हणतं, आजारी असेन तरच मी येईन.

मिट्स आणि टेन्झेइ यांची अदलाबदल डच माणसंही करतात, म्हणून तपासणी हवीच. मिट्सच्या जागी 'ऑप व्होरवार्डे डाट' (या अटीवर की) ठेवून वाचा. टेन्झेइच्या जागी 'बेहाल्व्हे आल्स' (अमुक असेल ते सोडून) ठेवा. वाक्य टिकलं तर शब्द बरोबर. दुसरी कसोटी नकाराची: 'मिट्स हेट नीट रेखन्ट' आणि 'टेन्झेइ हेट रेखन्ट' यांचा निष्कर्ष एकच. मिट्समधला 'नीट' काढला की टेन्झेइ, घातला की मिट्स.

निष्कर्ष एक असला तरी कल वेगळा असतो. नियम आणि धोरणं यांच्या भाषेत डचमध्ये दोन ठरलेल्या जोड्या आहेत: 'या, मिट्स' आणि 'ने, टेन्झेइ'. पहिलीत मूळ उत्तर हो, काही पाळलं पाहिजे. दुसरीत मूळ उत्तर नाही, आणि अपवाद सिद्ध करण्याचं ओझं मागणाऱ्यावर. संरक्षित निसर्गक्षेत्रांतल्या बांधकामाला 'ने, टेन्झेइ' लावतात. भाडेकरारात कुत्रा पाळण्याबद्दल 'टूखेस्टान, मिट्स' (परवानगी आहे, अमुक केलं तर) लिहिलंय की 'नीट टूखेस्टान, टेन्झेइ' (परवानगी नाही, अपवाद सोडून), हे सही करण्याआधी बोट ठेवून वाचा. दोन्हीकडे घरमालकाच्या लेखी संमतीचा उल्लेख असेल, तरी सुरुवात कुठून होते यावर बोलणी कशी करायची ते ठरतं.

पाट्या आणि वेष्टनं

वाक्य न करता मिट्सपुढे नुसतं धातुसाधितही येतं. जंगलवाटेच्या तोंडाशी पाटी असते: 'हॉन्डन टूखेस्टान, मिट्स आन्खेलेइन्ट.' कुत्र्यांना परवानगी, दोरीला बांधले असतील तरच. यात कर्ता आणि 'आहे' दोन्ही गळले आहेत. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर 'मिट्स खेकूल्ट बेवार्ट': थंड जागी ठेवलं असेल तरच, म्हणजे छापलेली तारीख फ्रिजबाहेर लागू नाही. टेन्झेइचंही असंच एक ठरलेलं रूप सगळ्या अटींच्या कागदांत सापडतं: 'टेन्झेइ आन्डर्स व्हरमेल्ट', वेगळं नमूद केलं नसल्यास.

बेल्जियममध्ये, फ्लँडर्सच्या भागात, मिट्सपुढे थेट नाम येतं: 'मिट्स बेटालिंग', पैसे भरून. तिथे मिट्स आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा वागतो, आणि तिथे ते शुद्धच आहे. नेदरलँड्समध्ये मात्र 'टेखन बेटालिंग' म्हणतात. फ्लँडर्समध्येच 'व्हर्मिट्स' असाही शब्द भेटतो. त्याचा अर्थ 'ज्याअर्थी', 'कारण'. अटीशी त्याचा संबंध नाही, मिट्सचं दुसरं रूप समजून वाचलं तर वाक्याचा अर्थ हातातून जातो.

बोलताना

मिट्स लिहिण्याचा शब्द आहे. बोलताना तोच अर्थ असा येतो: 'ये माख मे, मार डान मूट ये वेल ऑप टेइट झेइन.' चल की बरोबर, पण मग वेळेवर यावं लागेल हं. यातलं 'मार डान वेल' हे मिट्सचं बोलीतलं रूप. किंवा 'आलेन आल्स': फक्त असं असेल तर. डच भाषेच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी बोलण्याच्या भागात आल्स आणि आलेन आल्स चोख करावेत, वाचनासाठी मिट्स-टेन्झेइ ओळखावेत, आणि पत्रलेखनात एखादा मिट्स योग्य जागी वापरावा. ए-दोन (युरोपीय भाषापातळ्यांमधली प्राथमिक) पातळीला आल्स पुरतो. त्यापुढच्या बी-एकचं वाचन मिट्सशिवाय अडतं.

बोलताना हमखास ऐकू येणारा एक वाक्प्रचार: 'मिट्सन एन मारन'. मिट्स आणि 'मार' (पण) यांची अनेकवचनं, म्हणजे आपलं 'पण-परंतु', 'जर-तर'. कुणी 'झॉन्डर मिट्सन एन मारन' म्हणालं, तर काहीही आडवळण न घेता.

तीन आठवड्यांचा सराव

पहिला आठवडा फक्त आल्सचा. रोज पाच वाक्यं, प्रत्येक दोनदा लिहायचं: एकदा आल्स पुढे, एकदा मागे. पुढे असताना स्वल्पविरामाभोवतीची क्रियापदांची जोडी अधोरेखित करा. दुसऱ्या आठवड्यात त्यातली परवानगीची आणि फायद्याची वाक्यं निवडून मिट्सने लिहा. दंड-नुकसानीची तशीच सोडा, ती निवडणं हाच सराव आहे. तिसऱ्या आठवड्यात एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावरचा 'आल्खेमेने व्होरवार्डन' (सर्वसाधारण अटी) हा भाग उघडा, मिट्स, टेन्झेइ, इन्डीन शोधा आणि प्रत्येकाचं मराठी 'तरच', 'तर मात्र नाही', 'असल्यास' यांत करा. रोज वीस मिनिटं पुरतात, पण मोठ्याने वाचा. क्रियापद शेवटी नेण्याची सवय हाताला आधी लागते, जिभेला मागाहून.

स्वतःला तपासायला सहा वाक्यं. उत्तर झाकून आधी लिहा.

लवकर आलात तरच जागा मिळेल: 'उ क्रेइख्ट अन प्लाट्स, मिट्स उ व्ह्रूख कॉम्ट.' इथे 'आलात'चा भूतकाळ नेलात का, ते पाहा.

मी येईन, आजारी पडलो तर मात्र नाही: 'इक कॉम, टेन्झेइ इक झीक बेन.'

तो येतो की नाही, मला माहीत नाही: 'इक वेट नीट ऑफ हेइ कॉम्ट.'

तिकीट नसेल तर दंड बसेल: 'आल्स ये खेन कार्ट्ये हेप्ट, क्रेइख ये अन बूटे.' दुसऱ्या क्रियापदाचा 'ट' गेला पाहिजे, पहिल्याचा राहिला पाहिजे.

फॉर्म भरला असेल तरच सुरुवात करता येईल: 'ये माख बेखिनन, मिट्स ये हेट फॉर्मुलीर इन्खेव्हुल्ट हेप्ट.'

वेळ असता तर आलो असतो: 'आल्स इक टेइट हाट खेहाट, वास इक खेकोमन.' इथे मिट्स लिहिला असेल तर मराठी वाक्य पुन्हा वाचा. त्यात 'तर' आहे, 'तरच' नाही, आणि जी वेळ निघून गेली तिला अट घालता येत नाही.